संगीत रंगभूमीच्या इतिहासात आमचा जलसा कुठे आहे?

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले, तो हा दिवस. मग वर्तमानपत्रांतून ठरलेले लेख येतात. भावे, अण्णासाहेब किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, बालगंधर्व, दीनानाथ, नाट्यसंगीताचा सुवर्णकाळ, पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग, 'वन्स मोअर'. लेखाच्या शेवटी हमखास एक वाक्य असते की मराठी माणसाचे संगीत नाटकावर जिवापाड प्रेम आहे.

हा मराठी माणूस कोण, एवढाच आमचा प्रश्न आहे. कारण गाण्यातून गोष्ट सांगणारे नाटक आमच्या आजोबा-पणजोबांनीही जन्मभर पाहिले, केले, पाठ केले. दिवसभर गिरणीत किंवा शेतात राबून रात्री कंदिलाच्या उजेडात पाहिले. त्या नाटकाला जलसा म्हणत. सत्यशोधक जलसा आणि त्याच्या पोटातून निघालेला आंबेडकरी जलसा. संवाद, पदे, विनोद, पात्रे, वाद्ये, कथानक, प्रेक्षक, सगळे त्यात होते. तरी संगीत रंगभूमीच्या इतिहासात त्याला प्रकरण मिळत नाही. मिळालेच तर 'लोककला' नावाच्या परिशिष्टात दोन परिच्छेद. ही वाटणी कोणी केली आणि आपण ती निमूटपणे का मान्य केली, हे तपासायला हवे.

सुरुवात जोतीरावांपासून करू. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भाव्यांच्या सीता स्वयंवरानंतर अवघ्या बारा वर्षांनी, आणि किर्लोस्करांच्या शाकुंतलाच्या पंचवीस वर्षे आधी. त्यात देव नाहीत, राक्षस नाहीत, राजा-राणी नाहीत. गरोदर कुणबी बाई आहे, तिला ग्रहदशेची भीती घालून नाडणारा जोशी आहे, आणि मधे मधे येऊन प्रेक्षकांना सगळे उलगडून सांगणारा विदूषक आहे. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक परत आले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते छापील स्वरूपात लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे सव्वाशे वर्षे! एवढा काळ जे नाटक वाचकांपर्यंत पोचू दिले नाही, ते 'परंपरेत बसत नाही' असे पुढच्या अभ्यासकांनी म्हणावे, याला काय म्हणायचे?

'तृतीय रत्न' हे काही संगीत नाटक नव्हे. पण त्यातला विदूषक लक्षात ठेवा. पौराणिक नाटकातला विदूषक लोकांना हसवण्यासाठी होता. जोतीरावांचा विदूषक हसवता हसवता लुबाडणारा कोण आणि लुबाडला जाणारा कोण हे बोट दाखवून सांगतो. पुढे जलशात ढोलकीच्या थापेवर जी बतावणी उभी राहिली, तिचा हा पूर्वज आहे असे आम्ही मानतो.

आता किर्लोस्करांकडे येऊ. पारशी मंडळींचे 'इंद्रसभा' पाहून त्यांना गाण्याने भरलेल्या मराठी नाटकाची कल्पना सुचली आणि १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पाठोपाठ 'सौभद्र'. त्या पदांच्या चाली कुठून आल्या? साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातले वळण, आणि लावणी. होय, लावणीही. तमाशाच्या फडात घडलेली चाल प्रतिष्ठित नाटकगृहात गेली, तिला प्रतिष्ठा मिळाली. जिच्या गळ्यात ती घडली ती बाई मात्र दाराबाहेर राहिली. किर्लोस्करांच्या प्रतिभेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. 'सौभद्र' आजही ऐकावेसे वाटते आणि ऐकताना आम्हाला अपराधी वाटत नाही. नाट्यगीते आमच्या वस्त्यांतल्या रेडिओवरही लागत आणि लोक काम थांबवून ऐकत. सुरांना जात नसते असे काही भाबडे लोक म्हणतात. सूर कोणाच्या नावावर जमा होतात, यात मात्र जात असते.

ब्राह्मणेतर कलावंत त्या रंगभूमीवर नव्हतेच, असेही नाही. केशवराव भोसले मराठा होते. १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली आणि उभ्या महाराष्ट्राला वेड लावले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरला आज त्यांचे नाव आहे. पण व्यक्ती आत जाणे वेगळे आणि विषय आत जाणे वेगळे. १८९९ च्या 'संगीत शारदा'ने म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्यावर आसूड ओढला. ते धाडसाचेच काम होते. पण ते दुःख ब्राह्मणाच्या घरातले होते आणि सुधारणाही त्याच घरातली. पाणवठा, वेसकरकी, मेलेली ढोरे, शाळेबाहेर बसवलेले पोर, यांतले काहीही त्या सुवर्णकाळाच्या रंगमंचावर ठळकपणे उभे राहिले नाही. चाली बहुजनांच्या चालल्या, विषय चालले नाहीत.

या इतिहासात आम्हाला दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. दोन्हींत प्रश्न एकच आहे : गाण्या-नाटकातून मिळालेला पैसा चळवळीने घ्यावा का?

पहिला प्रसंग १९२१ चा. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. तो प्रयोग दंतकथा होऊन बसला आहे. तिकिटांसाठी झुंबड उडाली आणि राष्ट्रकार्याला निधी मिळाला. नाटकाचा पैसा राष्ट्रीय चळवळीने अभिमानाने घेतला. त्यात कोणाला काही खटकले नाही, आणि खटकण्यासारखे काही नव्हतेही.

दुसरा प्रसंग १९२७ चा, महाडच्या सत्याग्रहाच्या निधीचा. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे जन्माने ब्राह्मण. पण घरदार आणि जात सोडून तमाशाच्या फडात रमलेले आणि लावणीचे सम्राट म्हणून गाजलेले. त्यांच्या फडाची कीर्ती पवळा हिवरगावकर या महार समाजातल्या कलावतीमुळे गावोगाव पोचली होती. बापूरावांनी आपल्या काही खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. धनंजय कीरांनी हा प्रसंग नोंदवला आहे. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आपल्याला नको, ही बाबासाहेबांची भूमिका होती.

या प्रसंगावरून आजही वाद होतात. काही विद्वान म्हणतात, बाबासाहेबांना लोककलेची कदर नव्हती. काही म्हणतात, त्यांनी मध्यमवर्गीय सोवळेपणा स्वीकारला. आपल्यातलेही काहीजण हा प्रसंग सांगून तमाशा कलावंत बायांकडे नाक मुरडतात, ते तर आणखी वाईट. आम्हाला तिन्ही वाचने चुकीची वाटतात.

ज्या घरात बाबासाहेब वाढले ते रामजी सुभेदारांचे घर कबीरपंथी होते. भजने आणि दोहे हा तिथला रोजचा पाठ होता. उतारवयात, दुखण्यांनी शरीर पोखरलेले असताना, ते व्हायोलिन शिकत होते. संगीताचे वावडे असलेला माणूस त्या वयात शिकवणी लावून बसत नाही. त्यांचा प्रश्न गाण्याचा नव्हता. कोण गाते, कोणापुढे गाते, का गावे लागते आणि मिळकत कोणाच्या खिशात जाते, हा होता. बालगंधर्व स्त्रीचा शालू नेसून उभे राहिले तेव्हा त्यांच्या घरच्या बायकांची अब्रू पणाला लागली नव्हती. प्रयोग संपला की शालू उतरत होता. पवळा फडावर उभी राहिली की तिच्या जातीच्या प्रत्येक स्त्रीकडे पाहण्याची गावाची नजर ठरत होती, आणि खेळ संपला तरी ती नजर उतरत नव्हती. १९२१ चा पैसा आणि १९२७ चा पैसा म्हणूनच एक नव्हता. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत बाबासाहेब गेले आणि हे जिणे सोडा असे तोंडावर सांगून आले. पैसा नाकारणारे आणि त्या बायांपुढे जाऊन बोलणारे बाबासाहेब एकच आहेत. त्यांनी बायांना नाकारले नाही, बायांच्या देहावर उभा असलेला व्यवहार नाकारला.

पण नाकारल्यानंतर काय? समाजाचे गाण्यावर आणि खेळावर जिवापाड प्रेम, आणि तो खेळ तर जातीच्या गुलामगिरीत अडकलेला. हा पेच चळवळीने कसा सोडवला, ते आजच्या तरुणांनी नीट पाहावे. चळवळीने खेळ सोडला नाही, तो उलटा केला.

वाट सत्यशोधकांनी दाखवली होती. तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि आतले सामान बदलले. भीमराव महामुनींसारख्यांचे नाव त्या फडांच्या जुन्या पिढीत घेतले जाते. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग, असा क्रम असतो. गणात गणपतीची स्तुती, गवळणीत कृष्ण आणि गवळणींची छेडछाड. जलशाने गणपतीला रजा दिली. त्याच्या जागी निसर्ग आला, निर्मिक आला, आणि आंबेडकरी जलशात भीमराव आले. गवळण गळाली किंवा तिचा पार कायापालट झाला. बतावणीत भटजी आणि शेतकरी, सावकार आणि कुळ, शिकलेला पोरगा आणि जुन्या विचाराचा बाप समोरासमोर आले. वग हा खऱ्या अर्थाने युक्तिवाद झाला. ढोलकी, तुणतुणे, झांज, पुढे पेटी, एवढ्या भांडवलावर पडदा नसलेले हे रंगमंदिर उभे राहत असे, कुठेही. चावडीपुढे, चाळीच्या पटांगणात, वडाखाली.

आंबेडकरी जलशाचे सर्वांत मोठे नाव नाशिकचे भीमराव कर्डक. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्या धामधुमीच्या काळात त्यांचा फड उभा राहिला आणि मुंबई-नाशिकपासून दूरदूरच्या खेड्यांपर्यंत फिरला. केरूबुवा गायकवाड, पतितपावनदास, अशी आणखीही नावे आहेत. पुढे कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले. ते नसते तर आज आपल्या हातात काय उरले असते याची कल्पना करवत नाही. आमची दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावावर चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितले जातात.

ते खरे का वाटते, हे समजून घ्यायचे तर त्या काळचा श्रोता डोळ्यांपुढे आणा. त्याला अक्षर येत नाही. 'बहिष्कृत भारत' किंवा 'जनता' वाचणारा गावात एखादाच, तोही सुटीत मुंबईहून आलेला. पुणे करार म्हणजे काय, स्वतंत्र मतदारसंघ का मागितले, महारवतन हे मानाचे की गळफासाचे, येवल्यात १९३५ ला काय घोषणा झाली, हे त्याला कोण सांगणार? जलसा सांगत असे. आणि नुसते सांगत नसे, विरोधकालाही बोलू देत असे. मेलेले ढोर ओढणे हा आपला हक्क आहे, तो सोडला तर खायचे काय, असे म्हणणारे पात्र फडावर असेच. त्याचे म्हणणे प्रेक्षकांतल्या कित्येकांच्या मनातले असे. ते हसत, मान डोलावत, आणि मग दुसरे पात्र त्याचा एकेक मुद्दा गाण्यातून खोडून काढी. घरी जाताना प्रेक्षकाच्या तोंडात चाल असे आणि चालीबरोबर उत्तर. दुसऱ्या दिवशी पाटलाने बोलावले तर काय म्हणायचे याची तालीम रात्रीच झालेली असे.

जन्मभर टिकणारे प्रेम म्हणतात ते असे तयार झाले. करणारे लोकही कोणी पोटापुरती कला विकणारे नव्हते. गिरण्या, गोद्या, रेल्वे, नगरपालिकेची झाडूखाती, इथे खपणारी ही माणसे. पाळी संपवून तालमीला बसत आणि पदरमोड करून गावोगाव जात.

आता एक गोष्ट आपणच बोलायला हवी, दुसऱ्यांनी सांगण्याची वाट न पाहता. जलशाने स्त्रीचा अपमान फडावरून घालवला, पण बरोबर स्त्रीलाही घालवले. जलशात बायकांची कामे पुरुष करत. कारण समजण्यासारखे आहे. बाई उभी राहिली की तमाशाचीच नजर तिच्यावर पडणार, ही भीती होती. पण परिणाम असा झाला की गळा, अभिनय, हजरजबाबीपणा हे शतकभर ज्या बायांनी जपले, त्या चळवळीच्या रंगमंचावर आल्याच नाहीत. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जात यांवर लिहिताना हा पेच आपल्यापुढे ठेवला. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास त्यांच्याच बाजूने मांडला. पाईक यांना २०२४ साली अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे संदेश फिरवले. त्यांचे पुस्तक आपल्यापैकी कितीजणांनी उघडून पाहिले?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर घ्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई. बाळंतवेणा सुरू असताना फडावर नाचली, पडद्यामागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभी राहायला निघाली, ही कथा महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. कलेवरची निष्ठा म्हणून सांगतो! आम्हाला ती कथा ऐकताना निष्ठा दिसत नाही. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक दिसतो, खेळ थांबला तर दंगा करणारा. २००२ साली विठाबाई गेल्या त्या हलाखीत. नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

अण्णाभाऊ साठे याच परंपरेतले. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्म, घराण्यात तमाशा, मुंबईत गिरणी आणि कामगार चळवळ. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा तमाशाच्या साच्यातून लोकनाट्य पुढे आणण्यात अण्णाभाऊंचा वाटा मोठा होता. गणपतीच्या गणाऐवजी मातृभूमी आणि हुतात्म्यांना वंदन करून त्यांचा खेळ सुरू होई. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'मुंबई कोणाची' ही नावेच बघा, विषय वेगळा सांगावा लागत नाही. ते कम्युनिस्ट होते म्हणून आपल्यातले काहीजण त्यांना दूर ठेवतात आणि कॉम्रेड मंडळी त्यांच्या जातीच्या अनुभवाविषयी बोलायचे टाळतात. अण्णाभाऊंनी मात्र 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्याला वाद घालायचा त्याने आधी ती अर्पणपत्रिका वाचावी.

मग जलशाचे झाले काय? तो मेला का? आमचे म्हणणे असे की जलसा फुटला. त्यातले गाणे घराघरात गेले आणि नाटक मागे पडले.

गाणे कसे गेले ते वामनदादा कर्डकांच्या आयुष्यात दिसते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ चा जन्म. शाळा नाही. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे गोळा केली. १९४३ पासून गाणी रचायला लागले ते २००४ मध्ये डोळे मिटेपर्यंत. साठ वर्षे हा माणूस गावोगाव हिंडला. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने सिनेमाच्या लोकप्रिय चाली बिनधास्त उचलल्या. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर मिळणाऱ्या गाण्यांच्या छोट्या पुस्तिका आठवा, प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून सिनेमाच्या गाण्याचा उल्लेख असतो. यावर उच्चभ्रू मंडळी नाक मुरडतात, चोरीच्या चाली म्हणून. किर्लोस्करांनी लावणीची चाल घेतली ती प्रतिभा, वामनदादांनी सिनेमाची घेतली ती चोरी? चाल ओळखीची असली की शिकवावी लागत नाही. पहिल्याच कडव्याला सगळी वस्ती गाऊ लागते. ज्या चळवळीकडे ना छापखाना ना आकाशवाणी, तिने दुसऱ्याच्या ध्वनिक्षेपकावरून आपला संदेश पाठवला, एवढाच त्याचा अर्थ.

असे हे गाणे रोजच्या जगण्यात भिनले. जात्यावर बसलेल्या बायांनी कोणी न शिकवता ओवीत भीमराव आणला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखभर ओव्यांच्या संग्रहात त्या ओव्या आहेत. फडावरून बाहेर ठेवलेली बाई इथे जात्यापाशी कवी म्हणून भेटते. बारशाला गाणे, लग्नात मंगल परिणयानंतर गाणे, १४ एप्रिलला रात्रभर गाणे, आणि माणूस गेला तर जलदान विधीच्या रात्रीही गायन पार्टी. पेटी, ढोलकी, चार माणसे. मेलेल्या माणसाच्या घरात बुद्ध-भीमाची गाणी म्हणत रात्र काढणारा समाज संगीताचा रसिक नाही, असे म्हणायची हिंमत कोणी करू नये.

नाटक मागे का पडले, याची कारणे आम्हाला साधी वाटतात. वगाला दहा माणसे लागतात, तालीम लागते, रात्र लागते. १९८० च्या दशकात कॅसेट आली. तिने आपल्या गायकांना घराघरात पोचवले, हे उपकार मोठेच. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज त्याआधी इतक्या दारांत पोचला नसता. पण कॅसेटच्या एका बाजूवर चार-पाच गाणी मावतात, वग मावत नाही. गाणी विकली जाऊ लागली तशी स्तुतिगीते वाढली. दोन गायकांचा सवाल-जवाब, कव्वालीच्या मुकाबल्यासारखा, काही काळ टिकून होता. त्यात निदान दोन बाजू होत्या. मग तोही विरळ झाला. आता जयंतीला डीजे आहे. डीजेवर आम्ही सरसकट टीका करणार नाही. पोरांना नाचू द्या, वर्षभर त्यांना रस्ता आपला वाटेल असे किती दिवस मिळतात? पण जलशात विरोधी पात्र होते आणि डीजेत ते नाही, हा फरक लहान नाही. मेलेले ढोर ओढण्याची बाजू मांडणारा फडावर होता, म्हणून प्रेक्षकाला ती बाजू खोडता येई. आज आपली पोरे कॉलेजात, कार्यालयात, मोबाइलवर आरक्षणाबद्दल, संविधानाबद्दल खोचक प्रश्न झेलतात तेव्हा ओठांवर जयघोष असतो, जवाब नसतो. त्याची तालीम घेणारे ठिकाण आपण हरवून बसलो.

हरवले म्हणजे बुडाले नव्हे. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच कोसळले. त्यांच्या 'जांभूळ आख्यान'मध्ये गाणे आणि नाटक एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली आणि त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. शाहिराचा आपल्या माणसांशी संबंध काय असतो हे त्यावरून कळावे. आणि २०१२ साली आले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. संभाजी भगत यांची कल्पना आणि गाणी, राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, आणि काम करणारे जालना जिल्ह्यातले खेड्यापाड्यांतले नट. शिवाजी महाराजांचे विचार कोणाच्या डोक्यात बसतात, हे यमाला शोधत फिरावे लागते, अशी त्याची गंमत. त्यात गाणी आहेत, बतावणी आहे, समोरच्याचे म्हणणे ऐकून घेऊन ते खोडणे आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या नाट्यगृहांत ते हाऊसफुल्ल चालले. समीक्षकांनी त्याला 'प्रयोगशील' म्हटले. आमच्या आजोबांनी पाहिले असते तर ते म्हणाले असते, हा तर जलसा आहे.

आता कामाचे. जुन्या जलशातले लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. त्यांच्या वह्या मात्र अजून आहेत. ट्रंकेत, माळ्यावर, फोटोच्या मागे कोंबलेल्या. लाल कापडात बांधलेली वही दिसली तर रद्दीत जाऊ देऊ नका. पान न पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरात किंवा शेजारी कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा : फडाचे नाव काय होते, प्रमुख कोण, कुठल्या गिरणीत किंवा खात्यात कामाला, ढोलकी कोण वाजवी, बाईचे काम कोण करी, गण कोणाचा म्हणत, कुठल्या गावाने खेळ बंद पाडला आणि कुठल्या गावाने जेवायला घातले. वगातले संवाद आठवत असतील तर म्हणून घ्या, चालीसकट. आजीलाही विचारा, ती फडावर नसली तरी समोर बसलेली होती आणि बहुतेक वेळा तिलाच जास्त पाठ असते. ५ नोव्हेंबरपर्यंत जेवढे जमेल तेवढे गोळा करू. त्या दिवशी आपल्या वस्तीत त्यातला एखादा वग उभा करता आला, तर दहा माणसे आणि एक ढोलकी पुरे.

जय भीम.